गाळलेला अननस

एप्रिलच्या तीस तारखेला मला नारळ मिळाला. मराठीत हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस आधी हळहळतो आणि मग कारण विचारतो. कारण विशेष काही नाही; वय झालं. निवृत्त होणाऱ्याला भाषेतला नारळ आणि शेंडीचा नारळ असे दोन्ही एकाच दिवशी द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि वर शाल. डोंबिवलीत, एप्रिलच्या अखेरीस, लोकरीची शाल! फोटोत माझे डोळे पाणावलेले दिसतात, तो घाम आहे.

नारळ एकूण तीन मिळाले. एक कार्यालयाचा, एक कर्मचारी संघटनेचा आणि एक आमच्या सोसायटीचा. सोसायटीचा नारळ मायेपोटी नव्हता. दिवसभर घरी असणारा माणूस सेक्रेटरीपदाला बरा, हे हेरून त्यांनी तो आगाऊ देऊन ठेवला होता. तिन्ही नारळ देव्हाऱ्याखाली ओळीनं बसले आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून मी बसलो. पुढे काय करायचं ते चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मे महिन्यात डोंबिवलीत रिकाम्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात: पुन्हा एकदा आंघोळ करावी, नाहीतर काहीतरी थंड प्यावं. आंघोळीला नळाला पाणी असावं लागतं. म्हणून मी दुसरीकडे वळलो. तेवढ्यात कन्येनं तिच्या फोनवर एक चित्रफीत दाखवली. पांढराशुभ्र ओटा, त्यामागे एक हसतमुख मुलगी, वाटीत अननसाचे तुकडे, दुसऱ्या वाटीत नारळाचं दूध, बर्फ, साखर. सगळं मिक्सरमध्ये पडलं, घर्र झालं, उंच ग्लासात फेसाळ पिवळसर काहीतरी आलं. खाली लिहिलं होतं, ‘पाच मिनिटांत पिना कोलाडा.’

मी तिन्ही नारळांकडे पाहिलं. आमच्या आयुष्याला दिशा मिळाली.

“पिना काय?” चार दिवसांनी, बेताच्या दुपारी, कॉटवरून सासूबाईंनी विचारलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या गुहागरहून आल्या होत्या. एका डोळ्याला पट्टी होती, पण उरलेला डोळा दोघांचं काम करत होता.

“कोलाडा, आई.”

“कोलाडला मिळतं? नागोठणं गेलं की लागतं ते कोलाड ना? साठ वर्षं मी त्या रस्त्यानं एसटीनं जात्ये. चहा-वड्यापलीकडे तिथं काही मिळालं नाही बाई.”

कन्येनं आजीला समजावलं, की हे पेय रोह्याजवळच्या कोलाडचं नाही, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाचं आहे. तिथल्या सान हुआन शहरातलं कारिबे हिल्टन हॉटेल सांगतं, की आमच्या रामोन मारेरो नावाच्या बारमननं १९५४ साली ते पहिल्यांदा केलं. त्याच शहरातलं दुसरं एक रेस्टॉरंट म्हणतं, छे, ते आमचंच. मूळ मिसळ कुणाची हा वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. वाद मिटायची वाट न बघता पोर्तो रिकोनं १९७८ मध्ये ते आपलं राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर करून टाकलं. मी ॲटलास काढला. सान हुआन आणि आपलं पुणं जवळजवळ एकाच अक्षांशावर निघाले, साडेअठरा अंशांच्या आसपास. म्हणजे सूर्य सारखाच, नारळ तोच, अननस तोच. आपल्याकडे फक्त राष्ट्रीय पेयाची समिती अजून बसायची आहे.

“आणि ‘पिना कोलाडा’ म्हणजे गाळलेला अननस,” कन्या म्हणाली.

“त्यात आणखी काय असतं?” हा प्रश्न बायकोचा.

“रम असते,” मी प्रामाणिकपणे म्हणालो. घरात शांतता पसरली. सासूबाईंचा एक डोळा माझ्यावर स्थिर झाला. “पण ती आपण गाळायची,” मी घाईनं पुरवणी जोडली.

इथून गाळायला जी सुरुवात झाली, ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

आधी अननस. तो मी चार दिवस आधीच आणला होता, अगदी हिरवट पाहून. सासूबाईंनी गुहागरहून हापूस आणले होते आणि ते कॉटखाली गवतात आढीला घातले होते. मी गुपचूप त्या आढीत अननस सरकवला. आंबे पिकतील तसा हाही पिकेल, असा माझा सरळ हिशेब. चौथ्या दिवशी आंब्यांनी घर दरवळून टाकलं. अननस होता तसाच आंबट, वर शेंडा तेवढा वाळला. आढी उघडली तेव्हा सासूबाई इतक्या हसल्या, की डॉक्टरांनी हसायला परवानगी दिली आहे का, असं मला विचारावं लागलं.

मग कळलं ते असं. आंबा कच्चा असताना पिष्ट साठवून ठेवतो आणि झाडावरून उतरल्यावर हळूहळू त्याची साखर करतो. अननसाकडे अशी शिल्लक नसते. तो झाडावर जेवढा गोड झाला तेवढाच. नंतर रंग बदलेल, मऊ पडेल, पण गोडी वाढायची नाही. थोडक्यात, आंब्याचा भविष्य निर्वाह निधी असतो आणि अननस महिन्याच्या पगारावर जगतो. नुकताच निवृत्त झालेलो असल्यानं मला हे फार लवकर समजलं. दुसरा अननस आणला, तो फळवाल्याकडूनच बुडाशी नाक लावून. गोड वास आला तरच घ्यायचा, हा नियम. हे त्या चित्रफितीत नव्हतं.

मग नारळ. मी कोयती मागितली.

“फोडता येईल ना तुम्हाला?” बायकोनं विचारलं.

“फोडायचा नसतो, वाढवायचा असतो,” मी म्हणालो. मी सोलापूरचा. आमच्याकडे नारळ देवाचा आणि शेंगदाणा माणसांचा. आमटीत कूट, भाजीत कूट, चटणी तर कुटाचीच. नारळ घरात यायचा तो देवापुढे वाढवायला, म्हणून त्याबाबतीत आमच्याकडे शब्द शुद्ध आणि सराव शून्य. बायकोच्या माहेरी उलटं. परसात ‘धप्प’ झालं तरी कुणी मान वर करत नाही, नुसतं “पडला” म्हणतात. बत्तीस वर्षं संसार झाला, पण आमटीत कूट की खोबरं हा प्रश्न आम्ही एक दिवसाआड असा सोडवला आहे.

जिन्याच्या पायरीवर मी नारळ वाढवला. पहिल्या दोन घावांत पायरीचा टवका उडाला. तिसऱ्या घावाला नारळ असा वाढला, की त्याचं पाणी खालच्या मजल्यापर्यंत गेलं. खालचे काका दार उघडून म्हणाले, “पाणी आलं का?” डोंबिवलीत मे महिन्यात दुसरं काय वाटणार?

दुसरा नारळ सासूबाईंनी मागून घेतला. एका डोळ्याला पट्टी, डाव्या तळव्यावर नारळ, उजव्या हातात कोयती. कोयतीच्या पाठीनं नारळाच्या मध्यावर टक् टक् करत त्यांनी तो हातातल्या हातात फिरवला. तिसऱ्या फेरीला त्याला सरळ रेघेत तडा गेला. खाली पातेलं होतंच. दोन सारख्या वाट्या, आणि पाण्याचा थेंब सांडला नाही. मी टाळ्या वाजवणार होतो, पण त्यांनी विळी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “बसा. खवा.”

विळीवर बसणं हे साठीच्या गुडघ्यांसाठी निर्माण झालेलं आसन नाही. पाट पायाखाली दाबायचा, वाटी दोन्ही हातांनी खवणीवर धरायची आणि कडेकडेनं फिरवायची. खोल गेलं की करवंटीजवळचं काळं खोबऱ्यात येतं आणि मागून आवाज येतो, “काळं येतंय.” वरवर केलं की खोबरं राहतं आणि तोच आवाज म्हणतो, “अर्धं टाकताय की.” दोन नारळ खवायला मला पन्नास मिनिटं लागली. पंखा बंद होता, कारण खोबरं उडतं. गार पेयासाठी मी जेवढा घाम गाळला, तेवढ्यात तीन ग्लास भरले असते. माहेरी असताना बायको रोज सकाळी आठ माणसांसाठी एवढं खोबरं खवून मग कॉलेजला जायची, ही माहिती मला त्याच दिवशी मिळाली. बत्तीस वर्षं तिनं ती गाळली होती.

मग खोबरं कोमट पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवायचं, धुतलेल्या पंचात घालायचं आणि पिळायचं. पहिला रस दाट, तो वेगळा ठेवायचा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा रस काढायचा, तो पातळ. एका नारळाचा दाट रस जेमतेम वाटीभर. मी पीळ देत होतो, मनगटातून कळ येत होती, आणि कन्या फोनमधून पुढचा इतिहास वाचत होती. पोर्तो रिकोत रामोन लोपेझ इरिझारी या गृहस्थांनी नारळाचा दाट गोड रस काढून डब्यात भरण्याची युक्ती शोधली. तो तयार डबा हाताशी आला, म्हणून बारमधल्या लोकांना नारळाच्या भानगडीत पडणं परवडायला लागलं.

“म्हणजे त्यांनाही पिळायचा कंटाळाच होता,” बायको म्हणाली. “पाच मिनिटं डबा उघडल्यापासून मोजलीत त्यांनी.”

इथं मला पहिल्यांदा प्रकाश पडला, पण हातात पंचा असल्यानं मी बोललो नाही.

अननस सोलणं ही वेगळी शिक्षा. हे फळ मूळ दक्षिण अमेरिकेचं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आपल्याकडे आणलं, आणि येताना ‘अननस’ हे नावही तिकडच्या लोकांच्या बोलीतून उचलून आणलं. सोलण्याची कला मात्र बहुधा जहाजातच राहिली. वरची साल काढली की आतून शेकडो डोळे आपल्याकडे बघतात. एकेक डोळा कोरत बसलं तर अननस संपतो. हे डोळे तिरप्या ओळींत असतात, म्हणून फळवाले त्या ओळीनंच सुरीची खाच पाडत गोल उतरतात. मी खाच पाडली ती सरळ. निम्मा अननस सालीबरोबर गेला.

उरलेला सगळ्यांना पुरावा म्हणून मी एक हुशारी केली. नारळाचा रस कमी वाटला, तेव्हा एका भांड्यात अननसाबरोबर चक्क गाईचं दूध घालून फिरवलं आणि गार व्हायला फ्रीजमध्ये ठेवलं. तासाभरानं चव घेतली. कडू जहर! मी दूधवाल्याला फोन लावणार, एवढ्यात कन्येनं हात धरला. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. दुधात प्रथिनं भरपूर, म्हणून दूध फाटतं आणि कडू होतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, तिलाही मोठा हातभार याच विकराचा. उष्णतेनं ते निकामी होतं, म्हणून शिजवलेला किंवा डब्यातला अननस दुधात चालतो. नारळाच्या रसात मुळात प्रथिनं कमी, म्हणून त्याची आणि अननसाची सोयरीक जमते. दूधवाला थोडक्यात वाचला.

शेवटी सगळं मिक्सरमध्ये गेलं: अननस, दाट रस, साखर आणि वर हावरटासारखा भांडंभर बर्फ. मी बटण फिरवलं. मिक्सर एकदा गुरगुरला, थरथरला आणि गप्प झाला. जळकट वास आला. मी जाहीर केलं, “मिक्सर गेला.” आवाजात शक्य तेवढं दुःख ठेवलं होतं.

या देशात मिक्सर जळण्याला मोठी परंपरा आहे. मुंबईतल्या माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर असाच जळाला, आणि त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपलं वाटणघाटण सोसेल असा देशी मिक्सर बनवला. १९६३ च्या सुमारास तो ‘सुमीत’ नावानं बाजारात आला आणि घरोघरचे पाटे-वरवंटे गॅलरीत गेले. पत्नीचा मिक्सर बिघडल्यावर नवऱ्यानं काय करावं, याचा एवढा मोठा आदर्श समोर असताना मी काय केलं? मी दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधू लागलो.

बायकोनं हात पुसले, मिक्सर आडवा केला, त्याच्या तळाशी असलेलं लाल बटण अंगठ्यानं दाबलं, अर्धा बर्फ काढला आणि पुन्हा बटण फिरवलं. मिक्सर सुरू झाला. जास्त भार पडला की मोटर वाचावी म्हणून वीज तोडणारी ती कळ असते. गेली एकवीस वर्षं ती आमच्या मिक्सरखाली आहे. माझी आणि तिची भेट त्या दिवशी झाली.

पेय तयार झालं, आणि मूळ प्रश्न उभा राहिला: गाळायचं की नाही? कन्या म्हणाली, “गाळू नका बाबा, चोथ्यात सगळं सत्त्व असतं.” बायको म्हणाली, “धागे दातात अडकतात, आणि आईची कवळी आहे.” मी म्हणालो, “नावातच ‘गाळलेला’ आहे, मग गाळायला हवा.” सासूबाई म्हणाल्या, “आधी प्यायला द्या, वाद मागनं गाळा.” मी गाळणी घेतली. निम्मं पेय खाली आलं, निम्मं गाळणीत बसलं. चमच्यानं घोटून घोटून चार ग्लास भरले.

तोपर्यंत सव्वासहा वाजले होते. आम्ही साडेतीनला सुरुवात केली होती.

प्रामाणिकपणे सांगतो, पेय फार सुंदर झालं होतं. आधी अननसाचा आंबटगोड चटका, मागून नारळाचा मऊ स्निग्धपणा, आणि घशातून उतरणारा गारवा. सासूबाईंनी सावकाश अर्धा ग्लास संपवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“बरं झालंय,” त्या म्हणाल्या. “अननस, साखर नि बर्फ काढा, दोन आमसुलं, लसूण नि मिरची घाला, म्हणजे सोलकढी झाली असती.”

कोकणी माणसाकडून परदेशी पेयाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी प्रमाण देतो. चार जणांना चार वाट्या पिकल्या अननसाचे तुकडे, दोन नारळांचा दाट रस, चार चमचे साखर, चिमूटभर मीठ, अर्धं लिंबू आणि बर्फाचे दहाबारा खडे. मीठ विसरू नका, गोडी त्यानंच उठते. नारळाचा पातळ रस टाकू नका, दुसऱ्या दिवशी आमटीत घाला. आमच्याकडे त्यावरून एक दिवस कुटाचा बुडाला. केलेलं लगेच प्या. नारळाचं तेल २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे फ्रीजमध्ये ठेवलेल्या पेयावर सकाळी पांढरी साय येते, आणि ती कुणी काढायची यावर पुन्हा चर्चा होते.

पेय पिऊन मी ओट्याकडे आलो. भांडी मोजली. चार ग्लासांच्या पेयाला सत्तावीस भांडी, एक विळी, एक कोयती, एक पंचा आणि पायरीचा एक टवका. शाळेत आम्हाला प्रश्न असायचा, ‘गाळलेल्या जागा भरा.’ पाककृती हा तोच प्रश्न आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं. ‘नारळाचं दूध घ्या’ आणि ‘अननसाचे तुकडे घ्या’ या दोन ‘घ्या’च्या मागे अडीच तास गाळलेले असतात, आणि ते कुणाचे असतात हे प्रत्येक घराला माहीत असतं. माझ्या घरात ते बत्तीस वर्षं मी सोडून दुसरंच कुणी भरत होतं, आणि त्या कामगिरीबद्दल तिला एकही शाल किंवा नारळ मिळालेला नाही. शाल मी त्याच संध्याकाळी देऊ केली. या उकाड्यात ती नको म्हणाली आणि भांड्यांकडे बोट दाखवलं. मी सत्तावीसही घासली.

तेव्हा पाककृती लिहिणाऱ्या सर्वांना एका नवशिक्याची विनंती: वेळ लिहाल तेव्हा नारळ झाडावरून धरून मोजा, आणि भांडी घासेपर्यंत मोजा. आणि वाचकहो, तिसरा नारळ अजून देव्हाऱ्याखाली आहे. शेंडी शाबूत आहे, हलवला तर पाणी वाजतं. तुमच्याकडे कुणाचा सत्कार असेल तर कळवा, शालीसकट आणून देतो.